आमदारचं तोंड दाखवल्याशिवाय लॉगिन होत नाही

माझं तळेगाव ढमढेऱ्यात फ्लेक्सचं दुकान आहे. बॅनर छापून कापला की कडेच्या पट्ट्या उरतात. टाकवत नाहीत आणि वापरताही येत नाहीत. कुठं 'हार्दिक'चा तुकडा, कुठं अर्धा 'शुभेच्छुक', कुणाच्या तरी वाढदिवसाचा नुसता गॉगल. कोपऱ्यात टाकत जातो आणि एक दिवस बघतो तर खुर्ची ठेवायला जागा नाही!

किस्स्यांचं तसंच झालंय. परवा एक गिऱ्हाईक दशक्रियेचा बॅनर सांगत होतं आणि मला मधेच आमदार आठवला. मी हसलो. गिऱ्हाईक गेलं. म्हटलं, आता सांगून मोकळं व्हावं, धंद्यावर परिणाम होतोय.

दुकानात आम्ही तिघं बसतो. मी, म्हणजे पप्या. दुसरा रंजा. तो शिक्रापूरच्या एका कंपनीत कंत्राटावर आहे आणि तिथंच खोली घेऊन राहतो. तिसरा निल्या. निल्याचं घराणं मेंढपाळाचं. आता ऊस आहे, कांदा आहे, पण त्याच्या वडलांनी, म्हणजे आबांनी, सवय मोडवत नाही म्हणून थोडी मेंढरं अजून ठेवलीत.

निल्याचं लग्न ठरत नव्हतं. पोरगा चांगला, रान पाण्याखाली, घर स्लॅबचं, दारू नाही, तंबाखू नाही. पण मुलीकडचे आले, बसले, चहाचा कप उचलला, की एकच प्रश्न. "मुलगा काय करतो?" आबा छाती काढून सांगायचे, "शेती. आन् मेंढरं हायती." की कप बशीत परत! जाताना म्हणायचे, "कळवतो." कळवतो म्हणालेल्यांपैकी आजपर्यंत कुणी कळवलेलं नाही.

म्हणून रंजानं ते अ‍ॅप आणलं तेव्हा मी आणि रंजा गंमत म्हणून बसलो, निल्या मनापासून बसला.

"मला पैशाचं काय न्हाई रं," तो म्हणाला. "कुणी विचारलं काय करतो, तर सांगायला कायतरी पाहिजे."

एवढं लक्षात ठेवा. बाकी सगळी मजा आहे.

*

अ‍ॅप रंजाला त्याच्या रूम पार्टनरनं दिलं. मिथिलेश नाव, बिहारचा. त्यानं एका वाक्यात ट्रेनिंग उरकलं. "कुछ नहीं करना है भाई, खाली अंगूठा चलाना है।"

खरंच तेवढंच होतं. जाहिरात बघायची. फोटो बघून त्यात काय आहे ते सांगायचं. रोज चारला घंटी वाजली की 'मी हजर आहे' दाबायचं. त्याबद्दल कॉइन मिळणार. अ‍ॅपचं खरं नाव आमच्यापैकी कुणालाच बोलता येत नाही. चारला ते टिंगटिंग असं वाजायचं, म्हणून त्याचं नाव टिंगटिंग.

आबांनी विचारलं, "कॉइन कुठाय?"

रंजा म्हणाला, "आबा, ती क्रिप्टो असती. दिसत न्हाई, हातात घेता येत न्हाई, पण असती."

आबा म्हणाले, "भुतागत."

"व्हय, पण भुताला रेट न्हाई. हिला हाय."

खातं उघडताना आधी सिद्ध करायचं होतं की आपण रोबोट नाही. फोटोंचे चौकोन येतात, त्यात झेब्रा क्रॉसिंग कुठं आहे ते दाबायचं. रंजा अडकला. त्याचं म्हणणं, झेब्रा क्रॉसिंग शिरूरला स्टँडसमोर होतं, आता डांबराखाली गेलं. मग त्यानं सगळे नुसते डांबराचे चौकोन दाबले. अ‍ॅप म्हणालं चूक. मग ट्रक शोधायला सांगितलं. शिक्रापूरला राहणाऱ्या माणसाला ट्रक शोधायला सांगणं हा अपमान आहे. रंजानं ट्रक दाबला, ट्रकचा आरसा दाबला, ट्रकमागचा धूरपण दाबला. ट्रक असणार म्हणून!

शेवटी स्क्रीनवर आलं, तुम्ही रोबोट असल्याचा संशय आहे.

रंजा कंपनीत वेल्डिंगच्या रोबोटशेजारी उभा असतो. तो म्हणाला, "आरं, रोबोट असतो तर कवाच पर्मनंट झालो असतो!"

*

रंजाचे चौकोन शेवटी निल्यानं दाबून दिले, आणि पहिली कमाई आम्ही तिघांनी एकत्र करून काढली. कॉइन विकायला एक चार्ज, ते रुपये करायला दुसरा चार्ज, रुपये खात्यात यायला तिसरा. सगळे चार्ज जाऊन जे आलं त्यात तिघांत मिळून एक मिसळ आली. जादाचा पाव रंजानं स्वतःच्या खिशातून घेतला आणि कुणाला हात लावू दिला नाही. "पाव माझी पर्सनल इन्वेस्टमेंट हाय."

दुसऱ्या दिवशी कॉइनचा रेट वाढला. रंजा दुकानात आला तो कपाळाला हात लावूनच. "आपण काय खाल्लं म्हाईत हाय का? ती मिसळ आज पोटात नसती तर तिची बिर्याणी झाली असती!"

तेव्हापासून तो रोज रेट बघतो, पण कॉइनचा सांगत नाही, मिसळीचा सांगतो. "आज मिसळ तंदुरीवर गेली." "आज मिसळ लई पडली, नुसत्या चहावर आली." मधे एकदा रेट एवढा चढला की रंजा दोन दिवस आमच्याशी बोललाच नाही. विचारलं तर म्हणाला, "तुम्ही लोकांनी माझा फ्रीज खाल्ला."

*

फोटो ओळखायच्या कामात निल्या हुशार. पण एक दिवस त्याच्या स्क्रीनवर मेंढराचा फोटो आला. आपल्याकडचं काळं, बारक्या लोकरीचं मेंढरू. खाली दोन बटणं, मेंढी आणि शेळी.

निल्यानं डोळे झाकून मेंढी दाबलं. लाल फुली आली!

पुन्हा तसाच फोटो. पुन्हा मेंढी. पुन्हा लाल फुली. निल्याचे मार्क घसरायला लागले. लेव्हल जायची वेळ आली. तेवढ्यात आबा दुकानात आले. त्यांनी चष्मा लावून फोन हातात घेतला.

"ह्येला मेंढरू न्हाई म्हणतो? कान बघ. शेपूट बघ, खाली हाय का वर हाय? कोण बसलंय रं तिकडं?"

रंजानं समजावलं. "आबा, तिकडं कुणी बसलेलं नसतं. हा फोटो जगातल्या लई लोकांना जातो. जास्त लोक जे म्हणतील तेच बरोबर. बाहेरच्या देशात मेंढी म्हंजी पांढरी, गुबगुबीत. आपली काळी बघितली की ते शेळी दाबत्यात."

आबांनी विचार केला. "म्हंजी समद्यांनी चुकायचं, आपण एकट्यानं बरोबर सांगायचं, आन् चूक आपली?"

"व्हय आबा."

"मग ह्ये अ‍ॅप न्हाई, ग्रामसभा हाय!"

निल्यानं आबांकडं बघत बघत शेळी दाबलं. हिरवी बरोबरची खूण आली, कॉइन पडला, टिंग वाजलं. आबा उठून गेले. दोन दिवस पोराशी अबोला. मग त्यांनीच अट घातली. "बाहेर जगाला काय सांगायचं ते सांग. उंबऱ्याच्या आत मेंढराला मेंढरूच म्हणायचं."

पण आबा तेवढ्यावर थांबणारे नव्हेत. ते माझ्याकडं फ्लेक्सची ऑर्डर घेऊन आले. डावीकडं मेंढरू, उजवीकडं शेळी, कानाला बाण, शेपटाला बाण, वर मोठ्या अक्षरात 'फरक ओळखा', खाली 'सर्वांनी नोंद घ्यावी' आणि आबांचा मोबाईल नंबर. शिक्रापूरला हायवेला लावायचा, कारण जग तिथून जातं.

मी छापला आणि लावला. त्या दिवसापासून आबांचा फोन थांबायला तयार नाही. ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन विचारतात, "केवढ्याला देनार?"

आबा आधी विचारतात, "कोनती पायजे? डावी का उजवी?" समोरचा चुकला तर फोन ठेवून देतात.

*

मग टिंगटिंगनं चालायचं काम काढलं. फोन खिशात ठेवून जितकं चालाल तितके कॉइन. निल्या तसाही मेंढरामागं चालतोच. पण रंजाचं डोकं कंपनीतलं. तो म्हणाला, "तू एक चाललास तर मेंढा चार चालतो. मशीन कोनतं लावायचं, ज्याचं प्रॉडक्शन जास्त ते."

आबांच्या कळपात एक मेंढा आहे. त्याचं नाव आमदार. नाव आबांनीच ठेवलंय, कारण तो कुणाला भीत नाही आणि कुणाचं ऐकत नाही. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं आहे, कारण तो एकदा ट्रॅक्टरलाही भ्यायला नव्हता.

फोन गळ्यात बांधायला पट्टा लागणार होता. माझ्याकडं फ्लेक्सच्या पट्ट्यांना तोटा नाही. मी एक मजबूत बघून दिली. तिच्यावर 'हार्दिक' लिहिलेलं होतं.

आमदार निघाला. कांद्यातून गेला, उसातून गेला, शेजारच्यांच्या मेथीत थांबून जेवला, कुणीतरी दगड मारला म्हणून पुन्हा निघाला. इकडं निल्याच्या खात्यात कॉइन पडत होते. स्क्रीनवर येत होतं, तुम्ही आज खूप उत्साही आहात, थोडी विश्रांती घ्या.

संध्याकाळी निल्यानं त्याला गाठलं. एका हातानं शिंग धरलं, दुसऱ्या हातानं फोन सोडवला, आणि नेमका तेव्हाच फोन बोलायला लागला. तुमची हालचाल संशयास्पद वाटते, खात्री करण्यासाठी चेहरा दाखवा. कॅमेरा आपोआप चालू झाला. निल्याच्या हातात फोन, फोनसमोर आमदार.

फोन म्हणाला, डावीकडे बघा. आमदार शिंग सोडवायला डावीकडं वळला.

फोन म्हणाला, उजवीकडे बघा. निल्यानं ओढला म्हणून तो उजवीकडं वळला.

फोन म्हणाला, तोंड उघडा.

"बँ!"

अभिनंदन, तुमचा चेहरा नोंदवला आहे!

नोंदवलेला फोटोही दाखवला. स्वच्छ आला होता. अख्खं तोंड, मोडकं शिंग आणि खाली गळ्यात 'हार्दिक'.

तेव्हापासून निल्यानं स्वतःचं तोंड दाखवलं की अ‍ॅप म्हणतं, चेहरा जुळत नाही. आम्ही कंपनीला इंग्रजीत सविस्तर तक्रार केली. लगेच उत्तर आलं. कृपया मूळ चेहऱ्यासह पुन्हा प्रयत्न करा.

दर रविवारी चारच्या घंटीला चेहरा दाखवावा लागतो. दर रविवारी निल्या आमदारला शोधत रानोमाळ फिरतो. आम्ही मागून ओरडतो, "निल्या, तुझं तोंड उसात शिरलंय!"

*

निल्याची लेव्हल वाढली. तो 'सीनियर व्हेरिफायर' झाला. म्हणजे काय, हे टिंगटिंगलाही माहीत नसावं. फोटोशेजारी एक निळा बिल्ला आला, बस्स.

मित्राचं कौतुक आपणच नाही करायचं तर कुणी? मी फ्लेक्स छापला. एका जिमवाल्याच्या जुन्या बॅनरमधला कोट काढून निल्याला घातला. मजकूर असा: 'आपल्या गावचे सुपुत्र निलेशभाऊ यांची सीनियर व्हेरिफायर पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, समस्त मित्र परिवार.' चौकात लावला आणि चहा प्यायला गेलो.

आपल्याकडं फ्लेक्सवर 'पदी निवड' आलं आणि फोटोत कोट असला की पुढचं कुणी वाचत नाही. सोमवारचा बाजार होता, अख्ख्या पंचक्रोशीनं बघितला. सरपंच शाल आणि नारळ घेऊन घरी हजर! शाल घालताना कानात म्हणाले, "पुढंबी असंच काम करा."

निल्या म्हणाला, "पुढं हेच हाय मामा, दुसरं काय न्हाई."

लोकांना वाटलं, केवढा साधा पोरगा!

मग लोक वस्तू तपासायला आणायला लागले. समोरच्या काकू तांब्यात दूध घेऊन आल्या. "व्हेरिफाय करून दे रं बाबा, गवळी पाणी घालतो का ते."

निल्या पदाला शोभेल असा गंभीर झाला. त्यानं तांब्या हातात घेतला, उजेडात धरला आणि दुकानातल्या लोकांना विचारलं, "पाणी हाय म्हणणारे हात वर करा."

पाच जणांनी केले. गवळीही तिथंच उभा होता, त्यानं एकट्यानं नाही केला.

"पाणी हाय," निल्या म्हणाला.

गवळी दुसऱ्या दिवशी तीन भाऊ, मेहुणा आणि चुलत्याला घेऊन आला. "आता परत व्हेरिफाय कर!"

*

फ्लेक्सचा फोटो कुणीतरी कुणाला पाठवला, त्यानं पुढं पाठवला, आणि तो भीमा ओलांडून दौंड तालुक्यात गेला. यवतहून स्थळ आलं. मुलीचं नाव अश्विनी, घर आपल्यातलंच, वडील मेंढरं विकून शेतीत रमलेले. निल्यानं फोटो बघितला आणि दिवसभर एकही टास्क केला नाही. तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

पण बघण्याच्या आधी असते चौकशी. मुलीचा मामा साध्या कपड्यात मुलाच्या गावात येतो, चहा पितो, हवापाण्यावर बोलतो आणि मग कुणाला तरी सहज विचारतो, "ते अमुक अमुक कसे हायती हो?" अर्ध्या सोयरिकी तिथंच मरतात. दहा लोक दहा गोष्टी सांगतात ना!

मी टिंगटिंगचा नियम लावला. सगळे एकच म्हणाले की तेच बरोबर. दोन दिवस गावात फिरून सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. "पोरगा डेटामधी हाय. निर्व्यसनी हाय. घरात सोताचं वायफाय हाय."

मामा आले. चहावाल्याला विचारलं. चहावाला म्हणाला, "पोरगा डेटामधी हाय. निर्व्यसनी हाय. घरात सोताचं वायफाय हाय." पंक्चरवाल्याला विचारलं. टायर न सोडता तोही तेच म्हणाला. डेअरीवर विचारलं. गवळी रागानं का होईना, पण शब्दाला शब्द तेच म्हणाला. एसटी स्टँडवर त्यांना मिथिलेश भेटला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. तो आपण होऊन म्हणाला, "लड़का डेटा में है। निर्व्यसनी है। घर में खुद का वायफाय है।"

मामा माझ्या दुकानात आले तेव्हा घामाघूम झाले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला. "तू बोलू नको. मला फकस्त एक सांग, ह्या गावात माणसं राहत्यात का रेकॉर्डिंग?"

मी म्हटलं, "माणसं."

"कशावरून?"

दुकानात रंजा बसला होता, तो म्हणाला, "झेब्रा क्रॉसिंग दाखवा, वळखतो."

मामा तडक आबांकडं गेले. आबांकडून मी पाठ करून घेतलं नव्हतं. खोटं बोलायचं नाही, हा आबांचा जुना त्रास आहे.

मामांनी विचारलं, "पाव्हणं, खरं सांगा. पोरगा काय करतो?"

आबा म्हणाले, "लोक काय म्हणत्यात ते आधी बघतो, आन् मग आपन तेच म्हणतो."

मामांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी राजकारणात हाय!"

बघण्याचा कार्यक्रम त्यांनी तिथंच पक्का केला. रविवारी.

*

रविवारी! कुणाच्याच लक्षात आलं नाही. निघायच्या वेळी निल्या नवीन शर्ट घालून पिकअपजवळ उभा राहिला आणि एकदम ओरडला, "आज चारला तोंड दाखवायचंय."

मी म्हटलं, "तेच दाखवायला चाललोय."

"माझं न्हाई. आमदारचं!"

रंजा म्हणाला, "एक रविवार राहिला तर काय हुतंय?"

"लेव्हल जाती. बिल्ला जातो. मग त्यांनी विचारलं मुलगा काय करतो, तर काय सांगू? कुठल्या तोंडानं सांगू?"

आबा फेटा बांधून पुढं बसले होते. ते उतरले, गोठ्यात गेले आणि आमदारला घेऊन आले. पिकअपच्या हौद्यात आमदार चढला, त्याला धरायला रंजा चढला. राहू गावावरून यवतला जाईपर्यंत रस्त्यात आम्हाला ज्यांनी बघितलं, त्यांना वाटलं जत्रेला चाललेत.

अश्विनीच्या दारात पिकअप थांबली. मामा स्वागताला पुढं आले आणि हौद्यात बघून थबकले. "पाव्हणं, अजून पोरगी बघितली न्हाई, लगीच जेवणाची तयारी?"

आबा म्हणाले, "तो जेवायला न्हाई. सोबतीला हाय."

रंजा आणि आमदार बाहेर थांबले. आम्ही ओसरीत बसलो. अश्विनीचे वडील, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, समोर बसले. पोहे आले, चहा आला. पोरगी मान वर करून चहा देऊन गेली. मग आप्पांनी कप उचलला आणि तो प्रश्न आला.

"मुलगा नेमका काय करतो?"

मामा म्हणाले, "डेटामधी हाय, निर्व्यसनी..."

"तू थांब. मुलाला सांगू दे."

मी निल्याला ढोसलं. व्हेरिफायर म्हण, डेटा म्हण, काहीही म्हण. निल्यानं एकदा आबांकडं बघितलं. आबा खाली चटईकडं बघत होते.

"मी शेती करतो," निल्या म्हणाला. "मेंढरं हायती. आन् उरल्या टायमात मोबाईलवर फोटो बघून काय हाय ते सांगतो."

आप्पांचा कप बशीत गेला. तो आवाज आम्हाला ओळखीचा होता. आप्पा म्हणाले, "बरं." आता पुढचा शब्द 'कळवतो' असणार होता. ते तोंड उघडणार तेवढ्यात चार वाजले.

टिंगटिंग!

निल्याच्या खिशात वाजलं. आणि आत स्वयंपाकघरातही वाजलं. सगळ्यांना वाटलं, भिंतीला आवाज आपटला असेल.

निल्या उठला. "दोन मिनटात आलो," म्हणाला आणि बाहेर पळाला. पिकअपजवळ जाऊन त्यानं फोन आमदारसमोर धरला. ओसरीतून सगळं दिसत होतं. आमदारनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, तोंड उघडलं.

"बँ!"

आप्पा म्हणाले, "ह्ये काय चाललंय?"

मी म्हटलं, "हजेरी."

तेवढ्यात अश्विनी ओसरीच्या दारात आली. हातात फोन होता. ती निल्याकडं बघतच नव्हती. ती आमदारकडं बघत होती. एकदा फोनमध्ये बघायची, एकदा आमदारकडं. मग म्हणाली, "आप्पा, मला ह्यांच्याशी एकटीला बोलायचंय."

आप्पा काही बोलायच्या आत ती खाली उतरून पिकअपपाशी गेलीसुद्धा. पुढचं मी रंजाच्या सांगण्यावरून सांगतोय. तो हौद्यात आमदारच्या मागं बसला होता, आणि आमदारच्या मागं माणूस दिसत नाही.

अश्विनीनं फोन निल्याच्या तोंडापुढं धरला. स्क्रीनवर टिंगटिंगचा फोटो ओळखायचा टास्क होता. अख्खं तोंड, डावं शिंग टोकाला मोडलेलं, गळ्यात 'हार्दिक'. खाली दोन बटणं, मेंढी आणि शेळी.

"ह्ये काय हाय?" तिनं विचारलं.

निल्यानं फोटोकडं बघितलं. आमदारकडं बघितलं. मग तिच्याकडं बघितलं.

"टास्कमधी," तो म्हणाला, "का घरी?"

अश्विनीनं ओढणी तोंडाला लावली आणि आत पळाली. थोड्या वेळानं आप्पा साखरेची वाटी घेऊन बाहेर आले.

परत येताना राहू मागं पडलं. मग आबांनी हळूच विचारलं, "पोरीनं काय विचारलं रं तुला?"

"मेंढराचा फोटो दाखवला, आबा. ह्ये काय हाय म्हणली."

आबांनी फेटा सारखा केला आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मग? त्यात काय अवघड हाय?"